गिरणगाव ते दारूखाना: मुंबई हुडकायला साधी काळी सायकल कितपत चालते?

ज्या सायकलीवर पाववाला येतो, डबेवाला जातो आणि गॅरेजमधलं पोरगं चहाची किटली घेऊन हिंडतं, ती एका गिअरची काळी सायकल आजही नवी मिळते. कंपनीच्या कागदावर ती ‘रोडस्टर’ असते, दुकानात ‘साधी’ किंवा, सांगाड्याच्या मापावरून, ‘२२ इंची’. इथे तिला एकाच कामासाठी तपासलं आहे: भाऊचा धक्का, रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी, काळाचौकी, लालबाग, करी रोड, वरळी या पट्ट्यातल्या गिरण्या, गोदामं, बंदरं आणि चाळी धुंडाळायला ती कितपत उपयोगी पडते. निकाल आधीच सांगून टाकू. ऑक्टोबर ते मे या काळात या पट्ट्यासाठी हिच्याइतकी योग्य सायकल नाही. पावसाळ्यात मात्र ती घेऊन तिथे जाऊ नये. दोन्हींचं कारण एकच आहे: तिची रिम.

ही रिम जाड पोलादी पत्र्याची, वर क्रोम चढवलेली. रॉड ब्रेकचं, म्हणजे केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचं, रबर तिला दोन्ही बाजूंनी चिमटत नाही. रिमच्या आतल्या, हबकडे (चाकाच्या मध्याकडे) बघणाऱ्या अंगावर येऊन दाबतं. त्यामुळे खड्ड्यात आपटून चाकाला थोडा आउट आला, म्हणजे ते डुलत फिरू लागलं, तरी रबर घासत नाही, सायकल चालत राहते. दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या व्ही-ब्रेकच्या सायकलीत तेवढ्याच आउटने रबर एका बाजूला घासू लागतं आणि भर रस्त्यात तारा पिळत बसावं लागतं. रे रोडच्या पूर्वेकडचे रस्ते ट्रकांनी चेचलेले आहेत. पेव्हर ब्लॉक उखडलेले, गटारांची झाकणं बोटबोट वर आलेली. तिथे ही बेफिकिरी मोठं सुख देते. मागच्या चाकाला ४० तारा, पुढच्याला ३२. मागे जास्त, कारण वजन मागे पडतं. ही मांडणी पोती वाहण्यासाठी आहे. त्यावर एक माणूस आणि पाण्याच्या दोन बाटल्या म्हणजे चाकाला सुटीच.

पण हाच क्रोम ओला झाला की रबर त्याच्यावरून साबणासारखं सरकतं. ब्रेक दाबल्यावर चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, पकड त्यानंतर येते. कोरड्या रस्त्यावर जिथे थांबला असतात, तिथून पुढे जाऊन ट्रकच्या मागच्या फळीला भेटता. रबर मऊ घेतलं तर थोडा फरक पडतो, प्रश्न सुटत नाही. अवकाळी सरीत सापडलात तर ब्रेक हलके लावून रिम आधीच पुसत राहायची आणि चालण्यापेक्षा थोड्याच जास्त वेगाने यायचं. उतारावर सरळ उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही.

टायर २८ × १½, म्हणजे बाजूवर ४०-६३५ असा आकडा असतो. इथे एक फसगत नेहमी होते. गिअरवाल्या हायब्रिड सायकलीच्या ७०० च्या टायरवरही पुष्कळदा ‘२८’ छापलेलं असतं, पण त्याच्या रिमचं माप ६२२ मिमी, हिचं ६३५. तो टायर हिच्यावर बसत नाही. ट्यूब मात्र कुठेही मिळते. लालबाग, डिलाइल रोड, शिवडी नाका, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे या मापाची ट्यूब खिळ्याला टांगलेली असते, कारण पाववाले आणि डबेवाले याच चाकांवर चालतात. बारीक व्हॉल्व्हची ७०० ची ट्यूब याच गल्ल्यांत विचारून पाहा. मेकॅनिक तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल. हवेचा मात्र अंदाजच घ्यावा लागतो: रबरी नळीच्या व्हॉल्व्हमुळे नेहमीच्या मापकावर दाब कळत नाही. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर जेमतेम दबला पाहिजे, आणि बसल्यावर मागचा टायर किंचितच पसरला पाहिजे. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडेशी चिमटते आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. या पट्ट्यातली बरीच पंक्चरं खिळ्याची नसून अशी असतात.

गिअरबद्दल तक्रार आहे, पण तिच्यावर स्वस्त उपाय आहे. दुकानात दात मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते; मिनिटाला ५० फेरे म्हणजे ताशी १६ किमी. सरळ रस्ता कापायला हे छान. पण गेटावरची अर्धी पुसलेली पाटी वाचत, गल्लीच्या तोंडाशी दर दोनशे मीटरवर थांबत जायचं असेल तर ताशी १० ते १२ हवा, आणि थांबून पुन्हा निघताना हा गिअर गुडघ्यावर येतो. मागचं फ्रीव्हील (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) २२ दातांचं बसवून घ्या. मग एका फेऱ्यात साडेचार मीटरच्या आसपास, ४५ फेऱ्यांना ताशी १२. फ्रीव्हील रुंद चेनचंच मागा. गिअरवाल्या सायकलीच्या बारीक चेनचं यावर चालत नाही. चार दात वाढले की त्याच चेनवर मागचं चाक सुमारे १३ मिमी पुढे सरकतं. खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनला एक जोड वाढवायला सांगा. आणि चाक पुढे आलं की रिम मागच्या ब्रेकच्या रबरापासून लांब जाते, म्हणून रॉडचा नट लगेच आवळून घ्यावा लागतो. मेकॅनिक हे हमखास विसरतात. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक अडलं पाहिजे.

नवी सायकल अर्धी जोडलेल्या अवस्थेत दुकानात येते आणि घाईत उभी केली जाते. ग्रीस कंजूषपणे घातलेलं असतं. दोन्ही हब उघडून छर्रे ग्रीसमध्ये बसवून घ्यायला वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा धुरीवरचा नट, बरोबर आवळलाय का ते असं कळतं: पुढचं चाक उचला, व्हॉल्व्ह बाजूला आणून सोडून द्या. जड बाजू आपोआप खाली येऊन, दोन-चार झोके घेऊन थांबली तर ठीक. चाक अडखळत राहिलं तर कोन घट्ट आहे; रिम धरून हलवल्यावर खुटखुट लागली तर सैल. चेनला मधोमध वर-खाली एक ते दीड सेंटिमीटर ढील हवी. सगळ्यात महत्त्वाची कॉटर पिन. क्रँक धुरीवर या पिनेने अडकलेली असते, आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ती बसते, म्हणजे सैल होते. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘टक’ ऐकू आलं आणि पाय किंचित निसटल्यासारखा झाला की समजा. तसंच रेटत राहिलात तर पिनेची सपाट बाजू चेचली जाते, मग नवी पिनच लागते. नुसता नट आवळून पिन आत खेचायची नाही, आटे जातात. क्रँकखाली लोखंडी आधार देऊन पिन हातोडीने ठोकायची आणि मग नट आवळायचा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घातलेल्या हव्यात. तसं नसेल तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत.

आता रस्त्यावरची परीक्षा. सगळा फेरा पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण थांबे धरून चार तासांची सोय ठेवा. सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून, पहाटे उजाडण्याच्या आधी. मासळीचा लिलाव तेव्हाच रंगात असतो. आठला पोहोचलात तर टोपल्या धुताना दिसतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या दिवसांत इथे लिलावासाठी येण्यात अर्थ नाही. धक्क्याची फरशी बर्फाच्या पाण्याने, खवल्यांनी आणि डिझेलने बुळबुळीत असते. सायकल बाहेर लावून पायी आत जा. वर सांगितलेली रिमची गोष्ट इथे बारा महिने लागू आहे. धक्क्याच्या दक्षिणेला गोद्या आहेत. त्यातल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात होता, सोन्याच्या विटाही. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यामुळे. गोदीत आत जायला मिळत नाही, आणि फाटकाशी कॅमेरा काढू नये.

तिथून उत्तरेला निघताना पी. डिमेलो रोडवर डोक्यावर ईस्टर्न फ्री-वे असतो. वर सायकललाच काय, मोटरसायकललाही बंदी आहे. आणि खाली सगळी कंटेनरची वाहतूक. या पट्ट्यातला खरा धोका हाच आहे. कंटेनर डावीकडे वळताना त्याचा मागचा भाग आतून कापत येतो आणि ड्रायव्हरला डावीकडचा सायकलवाला दिसत नाही. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूच्या फटीत शिरू नका, मागेच थांबा. काळी सायकल सुटताना संथ असते, म्हणजे फटीत शिरलात तर तुम्हीच अडकता. रविवारी सकाळी ट्रक कमी असतात, पण मग दारूखान्यात शटरं खाली. शनिवारी सकाळी निघणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

दारूखाना हे नाव बंदुकीच्या दारूवरून. पुढे तिथे जहाजं फोडली जाऊ लागली, आणि त्याभोवती भंगाराचा बाजार वाढला: नांगर, मनगटाएवढ्या कड्यांच्या साखळ्या, पितळी झडपा, तारेचे दोर, पत्र्यांच्या थप्प्या. रस्त्यावर गॅस कटरने कापलेल्या लोखंडाच्या कपच्या आणि तारेच्या दोरातून सुटलेले केसासारखे बारीक तुकडे पडलेले असतात. हे तुकडे जाड टायरमधूनही आत जातात आणि हवा तासाभराने बसते. उपाय जुना आहे: फाटकी ट्यूब उभी चिरून, पट्टी करून, टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालायची. पट्टीची टोकं एकमेकांवर चढवून कडा पातळ घासा, नाहीतर त्या कडेनेच ट्यूब झिजते. सायकल थोडी जड पळते, पण या सायकलीला जडपणाचं काय कौतुक.

बंदराची मालगाडी जिथून जायची ते रूळ रे रोड ते वडाळा या भागात अजून कितीतरी ठिकाणी रस्त्यात गाडलेले सापडतात, काही डांबराने अर्धे बुजलेले. चाक अडकतं ते रुळाला लागून असलेल्या फटीत. ४० मिमीचा टायरही तिच्यात मावतो, तेव्हा टायर जाड आहे या भरवशावर राहू नका. काटकोनात ओलांडा, रूळ तिरपे असतील तर आधी मागे बघून, जरा बाहेरून वळण घेऊन सरळ या. रुळावर ना ब्रेक, ना वळण. या सायकलीचा लांबट सांगाडा आणि मागे झुकलेलं हँडल इथे मदत करतं. ती स्वतःहून सरळ जाते.

कॉटन ग्रीनला वेग सोडा. हे नाव मुळात फोर्टातल्या मोकळ्या मैदानाचं, जिथे कापसाच्या गासड्या रचायचे. बाजार कुलाब्याला आणि तिथून इकडे सरकला तसं नावही सरकत आलं. कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि गोदामांच्या लांबच लांब रांगा बघायच्या तर सरळ पाठीने बसवणाऱ्या सायकलीसारखी सोय नाही. बसल्यावर डोळे उभ्या माणसापेक्षा चार बोटं वर असतात, मान वाकलेली नसते, आणि कुंपणाच्या भिंतीवरून आतली छपरं दिसतात. वाकून चालवायच्या सायकलीवर या रस्त्यावर तुम्हाला डांबर दिसेल.

शिवडीचा किल्ला १६८० चा, छोटासा, टेकाडावर. पायऱ्यांवर सायकल नेता येत नाही. वीस किलोच्या आसपासचं हे धूड खांद्यावर घेण्याचा विचारही करू नका, खाली कुलूप लावा. मागच्या चाकाचं नालाच्या आकाराचं कुलूप दोन मिनिटांच्या थांब्याला पुरतं. किल्ल्यासारख्या ठिकाणी साखळी हवीच, कारण कुलूपबंद सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. खालच्या चिखलात रोहित पक्षी नोव्हेंबर ते मे दिसतात, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा: पूर्ण ओहोटीला ते दूर जातात, पाणी चढताना किंवा उतरताना किनाऱ्याजवळ येतात. जेट्टीकडची वाट तिथल्या पहारेकऱ्याला विचारूनच धरा. आणि समोर दिसणाऱ्या अटल सेतूवर सायकल चालत नाही.

रूळ ओलांडून पश्चिमेला आलात की गिरण्यांचा मुलूख. मुंबईत पहिली गिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली, ती १८५६ ला सुरू झाली. काळाचौकी ते लोअर परळ या भागात आता टॉवर इतके आहेत की गिरणी शोधायला खुणा माहीत हव्यात. पहिली खूण करवती दात्यांसारखं छप्पर. त्यातल्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात, म्हणजे साच्यांवर (कापड विणणाऱ्या मागांवर) थेट ऊन न पडता दिवसभर सारखा उजेड येतो. दुसरी, धुराडं: फिनिक्सचं मॉलच्या आवारात अजून उभं आहे. तिसरी, दगडी कुंपणात बुजवलेल्या जुन्या दरवाजाची कमान. बंद गिरणीत शिरायचं मात्र नाही. पहारा असतो, आणि ओसाड खात्यांमधली लाकडी जमीन पायाखाली जाते. बाहेरूनही पुष्कळ दिसतं.

लालबागला उड्डाणपुलाखालूनच जा, वर सायकलीचं काम नाही. भारतमाता चौकापासून मसाला गल्ली आणि चिवडा गल्ली हा तुकडा सायकल हातात धरून चाला. गर्दी असते, आणि मिरच्यांचा खकाणा चढला की डोळे मिटतात. चालवत असाल तर समोरचा हमाल दिसत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, ते याच गल्ल्यांमधून. पुढे डिलाइल रोड, आणि मग वरळीच्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून मूळच्या एकूण २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. पुनर्विकास चालू असल्याने पत्र्याचे कठडे रोज हलतात आणि कालची वाट आज बंद असते. परळहून प्रभादेवीला नेणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद झाला, त्याची गर्दी करी रोडच्या पुलावर आली. त्या पुलावर सायकल ढकलत नेणं शहाणपणाचं.

आणखी एक गुण आहे, तो कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. या सायकलीकडे कोणी बघत नाही. चकचकीत हेल्मेट आणि चिकटलेले कपडे घालून दारूखान्यात शिरलात तर दहा माणसं काम थांबवून बघतात आणि अकरावा ‘कुठले चॅनलवाले?’ विचारतो. काळ्या सायकलीवर तुम्ही कामाला चाललेला माणूस असता. (हेल्मेट घालाच, साधं घाला.) याचा गैरफायदा घेऊन फाटकातून आत सटकायचं नाही. बंदर, नौदल, माझगाव डॉक यांच्या भिंतींशी फोटो काढणं महागात पडू शकतं. कामगारांचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा. एक चहा सांगितलात तर बोलणंही होईल.

पंक्चर काढण्यात हिचा एक दोष कळतो आणि त्यावरची देशी युक्तीही. पूर्ण चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर, मडगार्डच्या तारा हे सगळं एकाच धुरीवर असल्याने मागचं चाक काढणं म्हणजे अर्धा तास. म्हणून चाक काढूच नका. सायकल स्टँडवर उभी करा, चेनच्या विरुद्ध बाजूने टायरची कड लिव्हरने रिमबाहेर घ्या, व्हॉल्व्हचा नट सोडून ट्यूब तेवढ्याच फटीतून बाहेर ओढा. भोक सापडलं की घासा, सोल्युशन लावा, ते वाळू द्या (ओल्यावर पॅच लावला की तो निघतोच), मग दाबून बसवा. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, पण फडकं गुंडाळून. तारेचा तुकडा तिथेच रुतलेला असतो, नव्याने पंक्चर करायला टपलेला. पिशवीत एवढं असू द्या: पॅच, सोल्युशन, काचकागद, दोन लिव्हर, व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे दोन तुकडे, धुरीच्या नटाचा पाना, हातपंप. ती रबरी नळी दोन-पाच रुपयांची वस्तू आहे, पण उन्हाने चिकटून फाटली तर ट्यूब शाबूत असूनही हवा राहत नाही.

डायनॅमो मिळाला तर घ्या, पण सिग्नलला थांबलात की दिवा विझतो. पहाटेच्या भागासाठी मागे बॅटरीचा लाल दिवा हवाच.

कोणी घेऊ नये? ज्यांना ठाणे किंवा बोरिवलीहून रोज चालवत यायचंय त्यांनी. घडी होत नसल्याने लोकलचा मार्गही बंदच. पाच फुटांच्या आतबाहेरच्या उंचीला २२ इंची सांगाडा मोठा पडतो, वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहिल्यावर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. त्यांनी तिरप्या दांड्याची लेडीज सायकल घ्यावी, बाकीचे भाग तेच. किंमत गिअरवाल्या हायब्रिडच्या निम्म्याहून कमी. हीरो, एव्हॉन सहज मिळतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. त्यांची जुनी सायकल मिळाली तर हँडलजवळचा आणि पायडलखालचा सांधा गंजलाय का ते बोटाने ठोकून बघून घ्या.

धक्क्यावरून आणि शिवडीच्या खाऱ्या वाऱ्यातून परत आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने रिम आणि चेन धुवून, कोरडी पुसून, चेनला तेल. रिमला तेलाचं बोटही लागता कामा नये. क्रोमवर लाल ठिपके दिसू लागले तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासा, निघतात. ठिपक्यांच्या जागी खड्डे पडून पापुद्रे सुटायला लागले की मात्र ब्रेकचं रबर किसणीवर घासल्यासारखं संपतं. त्या अवस्थेत रबर बदलत बसू नका, रिम बदला.